हाल्मोनीच्या गाठोड्यातून जोगाकबो: कात्री लावण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई मूळच्या सांगलीच्या, पती कोरियन, राहणं सुवॉनला. सासूबाई दक्षिण चुंगचॉंग प्रांतातल्या हानसानजवळच्या. त्या वारल्यानंतर कपाटातून एक गाठोडं निघालं. त्यात मोशीचे, म्हणजे रॅमी नावाच्या झाडाच्या सालीतल्या धाग्याच्या हातमागाच्या कापडाचे बरेच तुकडे, अर्ध्यावर राहिलेला एक सांगबो (जेवण झाकायचा रुमाल), एक गुलाबी रेशमी हानबोक (पारंपरिक कोरियन पोशाख) आणि नातीला पाठुंगळी बांधायची पोदेगी. ताई स्वतः गोधड्या शिवतात. या सगळ्यातून लेकीसाठी भिंतीवर लावता येईल असं काहीतरी करायचंय. पाच पारंपरिक रंगांचं डिझाइन काढून तयार आहे, मध्यभागी आजीचा फोटो कापडावर छापून. आता कापड कापायला कुठून सुरुवात करू, असं त्या विचारतात.

ताई, कात्री तूर्त राहू द्या. डिझाइनसुद्धा. मी कापडाचं जतन आणि हातशिवण या दोन्ही कामांत वर्षानुवर्षं आहे, जोगाकबो, म्हणजे तुकडे जोडून शिवलेला कोरियन रुमाल, सोलमध्ये शिकले, आणि अशी गाठोडी घेऊन आलेल्या पुष्कळ लेकीसुना पाहिल्या. माझं मत पक्कं आहे: तुमच्या कामात हाल्मोनीचा, म्हणजे आजीचा, चेहरा नसला तरी चालेल, तिचा हात दिसला पाहिजे. आणि तो हात तुमच्याकडे आधीच आहे, त्या अर्धवट सांगबोमध्ये. तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेख फक्त जाता जाता आलाय. माझं सगळं उत्तर त्याच्याभोवती फिरणार आहे.

हे आग्रहाने का सांगते, ते आधी ऐका. कोरियन घराण्याचा वारसा म्हटला की घरचे लोक जोकबो काढतात, म्हणजे कुळाची वंशावळ. तुमच्या सासरीही असेल. आज उपलब्ध असलेल्या जोकबोंपैकी सर्वांत जुनी आंदोंगच्या क्वोन कुळाची, १४७६ सालची. तिच्यात मुलगे आणि मुली जन्माच्या क्रमाने मांडलेत, मुलीकडच्या वंशजांनाही जागा आहे. सतराव्या शतकापासून कन्फ्यूशियन रीत घट्ट होत गेली तसे मुलगे आधी आणि मुली नंतर असं झालं, मुलीची शाखा पुढे थांबायला लागली. बाईचं स्वतःचं नाव मात्र सहसा कुठेच नसे. मुलीच्या जागी जावयाचं नाव, सुनेच्या जागी तिच्या माहेरचं कुळ. पुरुष कुटुंबप्रमुख धरून सरकारी नोंदी ठेवण्याची होजू पद्धतसुद्धा २००५ साली तिथल्या घटना न्यायालयाने घटनेशी विसंगत ठरवली, आणि नवी नोंदपद्धत आली ती १ जानेवारी २००८ पासून. म्हणजे तुमच्या सासूबाईंचं जवळजवळ सगळं संसारी आयुष्य जुन्या पद्धतीत गेलं. त्यांनी केलेल्या कामाचा माग कागदावर शोधाल तर फार थोडा मिळेल. कापडावर भरपूर मिळेल.

आता जोगाकबोबद्दल. बोजागी म्हणजे वस्तू बांधायचा, झाकायचा, वाहून न्यायचा चौकोनी रुमाल. जोसेन काळात (१३९२ ते १९१०) राजवाड्यापासून झोपडीपर्यंत प्रत्येक घरात बोजागी असायचे: कपड्यांसाठी ओतबो, अंथरूण-पांघरूण बांधायला इबुलबो, लग्नातल्या भेटवस्तूंसाठी येदानबो, जेवणाच्या चौरंगावर झाकायला सांगबो. त्यातला तुकडे जोडून केलेला तो जोगाकबो, आणि तो मुख्यतः सामान्य घरातल्या बायकांचा. हानबोक शिवताना सरळ पट्ट्यांतून बाहीची नि गळ्याची गोलाई कापली की कातरण उरायचं. ते फेकायचं नाही, साठवायचं, आणि एकेक तुकडा जोडत न्यायचा. एवढे टाके घातले की घरातल्या माणसांचं आयुष्य वाढतं, अशी श्रद्धा त्यामागे होती. गंमत म्हणजे जे जुने जोगाकबो आज उरलेत, त्यातल्या अनेकांवर वापराची खूणच नाही. शिवून पेटीत ठेवलेले, लेकीला दिलेले, लेकीनेही जपलेले. वापरासाठीच शिवले असते तर एवढे कोरे राहिले नसते. ते शिवणं हीच मागितलेली गोष्ट होती, असं मला वाटतं.

हे काम करणाऱ्या बायकांची नावं जवळपास सगळी हरवली. बोजागीकडे कला म्हणून पाहायला लावण्यात मोठा वाटा हो दोंग-ह्वा (१९२६ ते २०१८) या संग्राहकाचा. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी पार्क योंग-सूक यांनी आयुष्यभर भरतकाम आणि बोजागी गोळा केले, खासगी संग्रहालय चालवलं, परदेशात प्रदर्शनं नेली. २०१८ साली सुमारे ५,००० वस्तू त्यांनी सोल शहराला देऊन टाकल्या, आणि त्या आता २०२१ साली उघडलेल्या सोलच्या हस्तकला संग्रहालयात आहेत. आंगुक स्टेशनाजवळ आहे ते, तुम्हाला सुवॉनहून एका दिवसात जाऊन येता येईल. भरतकाम आणि बोजागी यांची वेगळी दालनं आहेत. लेकीला घेऊन जा. तिथे जाल तेव्हा रंगांकडे नंतर बघा, आधी शिवणीकडे बघा. प्रकाशासमोर टांगलेल्या मोशीच्या जोगाकबोत शिवणीच्या जागी कापड अनेक पदरी होतं, म्हणून तिथे गडद रेघ दिसते आणि बाकीचं कापड उजळ दिसतं. चित्र रेघांचं असतं. पाश्चात्त्य समीक्षक याची तुलना मोंद्रियान आणि क्ले या चित्रकारांशी करतात. मला ती तुलना फारशी उपयोगाची वाटत नाही, कारण त्या बायका रेघा काढायला बसल्या नव्हत्या. तुकडा जिथे संपला तिथे शिवण आली, आणि तरीही डोळा इतका तयार होता की सगळं तोलात राहिलं.

आता तुमचा सांगबो टेबलावर पसरा. दिवसा, खिडकीशी, एका बाजूने उजेड येईल असा. भिंग घ्या, दहा पट असेल तर उत्तम. आणि एका वहीत लिहायला सुरुवात करा. टाके कुठल्या बाजूला कललेत? तिरक्या टाक्यांच्या कलावरून शिवणारी उजवी होती की डावरी याचा अंदाज बांधता येतो. दोन टाक्यांतलं अंतर किती? चांगल्या हाताचं गामचिमजिल, म्हणजे दुमडलेल्या दोन कडा तिरक्या टाक्याने जोडणं, एक ते दोन मिलिमीटरवर असतं. ते सगळीकडे सारखं आहे का, की एका कोपऱ्यात टाके लांब होत गेलेत? कोरियातल्या अनेक बायकांनी शिवण रात्री, कामं उरकल्यावर केली, आणि वय वाढल्यावर नजर अधू झाली तरी केली. एकाच रुमालात बारीक टाके आणि मोठे टाके दिसले तर कदाचित तो एकाच वर्षी शिवलेला नाही. दोरा कुठे बदललाय? गाठ कुठे लपवलीय, दुमडीच्या आत की उलट्या बाजूला? उसवून पुन्हा घातलेली शिवण सुईच्या जुन्या भोकांवरून कळते. मोशीत ती भोकं बराच काळ राहतात. शेवटचा टाका कुठे थांबलाय, तो शोधा. सुई अजून टोचून ठेवलेली असेल तर ती काढून ठेवा, गंजाचा डाग कापडातून निघत नाही. पण काढण्याआधी फोटो घ्या.

हे लिहून झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. या नोंदी म्हणजे तुमच्या कामाचा खरा आराखडा. मध्यभागी जोडाच्या शिवणीत चार पाकळ्यांसारखी इवली घडी दिसली, किंवा कडेला पाइनच्या बियांएवढे त्रिकोण ओळीने लावलेले दिसले, तर तेही नोंदवा. असे अलंकार कोणी सहज करत नाही. सांगबोच्या मधोमध उचलायला छोटी मूठ असते, कोक्जी म्हणतात तिला. ती अजून लावली नसेल तर काम पूर्ण व्हायला किती राहिलं होतं याचाही अंदाज येतो.

मोशीबद्दल थोडं जास्त बोलते, कारण हानसानचं नाव तुम्ही सहज लिहून गेलात. हानसान हे सोचॉन जिल्ह्यातलं गाव, आणि तिथलं मोशी विणकाम २०११ साली युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेलं. तागासारखाच सालीतून निघणारा हा धागा. झाडाची वरची साल काढून आतला तंतू वेगळा करायचा, आणि मग तो दातांनी आणि ओठांनी चिरत चिरत केसासारखा बारीक करायचा. हे काम करणाऱ्या बायकांचे ओठ फाटायचे, जीभ सोलवटायची, दातांना खाचा पडायच्या. मग उघड्या गुडघ्यावर थुंकी लावून टोकाला टोक वळून जोडायचं, ताण्याला सोयाबीनच्या पिठाची खळ द्यायची, आणि दमट खोलीत विणायचं, कारण हवा कोरडी असली की धागा तुटतो. ऐन उन्हाळ्यात दारं-खिडक्या बंद करून विणलेलं कापड, इतरांना उन्हाळ्यात थंडावा मिळावा म्हणून. हे काम आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे जातं. तुमच्या सासूबाई स्वतः विणत होत्या का, हे घरच्यांना विचारा. नणंद असेल, सासूबाईंच्या बहिणी असतील, तर आत्ताच विचारा. त्या पिढीच्या बायका आपणहून सांगत नाहीत, पण कापड हातात दिलं की बोलायला लागतात.

मोशीचा पन्हा अरुंद, साधारण तीस सेंटिमीटरच्या आसपास, त्यामुळे तुमच्या काही तुकड्यांना मूळची विणलेली किनार असेल. ती किनार कापू नका. तिच्यावरून कापड कुठल्या हाताचं, किती बारीक, हे जाणकाराला सांगता येतं.

जुनी मोशी पिवळी पडलेली असेल आणि घडीवर कडक झाली असेल. घडीवर जोर देऊन सरळ करायला जाऊ नका, तिथेच चिरते. आधी रंग उतरतो का बघा: पांढरा सुती कपडा ओला करून प्रत्येक रंगाच्या तुकड्यावर कोपऱ्यात दाबा. रंग लागला तर पाणी नकोच. नाही लागला तर कोमट पाण्यात, सौम्य साबणात तुकडे भिजवा, पिळू नका, चोळू नका, जुनी खळ विरघळून पाणी पिवळं होईल ते दोन-तीनदा बदला, आणि टॉवेलवर आडवे ठेवून सावलीत वाळवा. अर्धवट ओले असतानाच इस्त्री करा. खळ मात्र शिवायच्या वेळीच द्या, तांदळाची, पातळ. खळ दिलेलं कापड साठवून ठेवलं की कसर लागते. कोरियन घरांतही उन्हाळा संपला की मोशीची खळ धुऊन काढूनच ती ठेवत.

खळ निघाली की दादुमीची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. खळ दिलेलं कापड घडी घालून गुळगुळीत दगडावर ठेवायचं आणि दोन्ही हातांत लाकडी दांडे घेऊन तालात बडवायचं, म्हणजे तंतू चपटे होऊन कापडाला झळाळी येते. दोघीजणी समोरासमोर बसून करायच्या, पुष्कळदा सासू आणि सून. चार दांडे, एक ताल. जुन्या पद्धतीत हानबोक धुवायचा म्हणजे आधी सगळा उसवायचा, तुकडे वेगळे धुवायचे, खळ द्यायची, बडवायचे, आणि परत शिवायचा. वर्षभर, घरातल्या प्रत्येकाचे. नातवाच्या अंगावरचा धुतलेला सदरा म्हणजे काय होतं, ते यावरून कळतं. माया माया म्हणतो ती अशी मनगटं दुखेपर्यंत केलेली असते, आणि कलाकृतीत ती आणायची तर तिच्या त्या श्रमाचा काही अंश आपल्याही हाताने करावा लागतो. म्हणून मशीन नको. तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगून ठेवते.

आता गोधडीचा हात असलेल्या बाईने कुठे सांभाळायचं, ते. गोधडी थरांची. खाली जुनं लुगडं, वर तुकडे, मधून धावदोरा, आणि ऊब त्या थरांतून येते. मोशीचा जोगाकबो बहुधा एकपदरी, अस्तर नाही, म्हणून दोन्ही बाजू सारख्याच स्वच्छ हव्यात आणि कापडाची कच्ची कड कुठेच दिसता कामा नये. तुमचा हात नकळत अस्तर शोधेल, धावदोऱ्याकडे वळेल. वळू देऊ नका. इथे लागणारी शिवण सामसोल. दोन्ही तुकड्यांच्या कडा नखाने किंवा हाडाच्या पट्टीने दुमडून पक्क्या करा, एकाची माया (शिवणीसाठी सोडलेली कड) दुसऱ्यापेक्षा थोडी जास्त ठेवा. सुलट बाजू समोरासमोर ठेवून दुमडीवर बारीक तिरक्या टाक्यांनी जोडा. मग उघडून, मोठी माया छोटीवर गुंडाळून खाली बसवा आणि दुसरी कड तशाच टाक्यांनी पक्की करा. दोन्ही बाजूंनी टाक्यांच्या दोन समांतर ओळी दिसतात, आणि शिवण एवढी भक्कम होते की रुमाल धुता येतो. पारदर्शक रेशमासाठी गेक्की नावाची वेगळी, फारच अरुंद शिवण आहे, तीनदा दुमडून तीनदा शिवायची. तिच्या वाटेला आत्ता जाऊ नका.

आधी बाजारातून आणलेल्या मोशीवर किंवा साध्या पातळ सुती मलमलवर हात बसवा. एक वीतभर शिवण सासूबाईंच्या शिवणीशेजारी ठेवून बघा. अंतर जुळेपर्यंत करत राहा. हे नक्कल करणं नव्हे, तिच्या हाताचा वेग अंगात यावा म्हणून आहे.

रंगांचं तुमचं डिझाइन मी का बाजूला ठेवायला सांगितलं? ओबांगसेक, म्हणजे पूर्वेचा निळा, पश्चिमेचा पांढरा, दक्षिणेचा लाल, उत्तरेचा काळा आणि मध्याचा पिवळा, ही मांडणी खरीच आहे आणि लहान मुलांच्या सेकदोंग, म्हणजे रंगीत पट्ट्यांच्या, बाह्यांवर ती शोभतेही. मुलावर वाईट नजर पडू नये म्हणून ते रंग. पण हल्ली कोरियन म्हणून काही दाखवायचं की हे पाच रंग ओतले जातात, विमानतळावरच्या भेटवस्तूंपासून हॉटेलच्या भिंतीपर्यंत. तुमच्या गाठोड्यात जे रंग आहेत तेच तिच्या घराण्याचे. मोशीचा कच्चा पिवळट, एखादा नीळ दिलेला, एखादा फिकट जांभळा. ती ज्या रंगाचे कपडे घरच्यांना शिवत होती, त्याचंच कातरण ते. त्यात बाहेरून लाल आणून घातलात तर चित्र भडक होईल, आणि ते कोणाच्याही आजीचं होईल.

फोटोबद्दलही तेच. कापडावर फोटो छापणं वाईट नाही, काहींनी ते सुंदर केलंय. पण फोटो आला की बघणारा फोटोच बघतो, शिवण त्याची चौकट होऊन बसते.

कोरियातल्या मोठ्या कलावंतांनी हाच प्रश्न कसा सोडवला, ते बघितलंत तर धीर येईल. किम सूजा १९८३ साली आईबरोबर पांघरूण शिवत बसल्या होत्या, सुई कापडातून आरपार जाताना त्यांना एकदम काहीतरी लख्ख जाणवलं, आणि तिथून त्यांची चित्रकला कॅनव्हास सोडून शिवणीकडे गेली. सुरुवातीच्या त्या शिवलेल्या कामांत त्यांनी आजीचे मागे राहिलेले कपडे वापरले. पुढे त्या बोत्तारीकडे, म्हणजे गाठोड्याकडे वळल्या: टाकून दिलेले, वापरलेले लग्नातले पलंगपोस घ्यायचे आणि त्यात जुने कपडे बांधायचे. १९९७ साली अशी गाठोडी रचलेल्या ट्रकवर बसून त्या कोरियाभर २,७२७ किलोमीटर हिंडल्या. युद्धात आणि स्थलांतरात डोक्यावर गाठोडं घेऊन निघालेल्या बायका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना त्या ट्रकचा अर्थ कोणी सांगावा लागला नाही. सो दो-हो यांचं वेगळं. त्यांचे वडील, शाईचित्रकार सो से-ओक, यांनी सोलमध्ये बांधलेलं पारंपरिक घर त्यांनी १९९९ साली पारदर्शक रेशमात, दाराच्या बिजागरीपर्यंत, शिवून घेतलं, घडी घालून कुठेही नेता येईल असं. त्यासाठी हानबोकच्या शिवणीतल्या जुन्या कारागिरांकडून शिकावं लागलं, आणि ते कारागीर शोधायला त्यांच्या आईने मदत केली. तिसऱ्या यून सोक-नाम. चाळिशीत चित्रं काढायला लागल्या, आणि काढली ती सहा मुलांना वाढवणाऱ्या स्वतःच्या आईची. १९९३ च्या त्यांच्या प्रदर्शनाचं नावच आईच्या डोळ्यांवरून होतं. कॅनव्हासऐवजी टाकून दिलेल्या जुन्या लाकडावर त्या रंगवतात, फटी आणि गाठी तशाच ठेवून. चेहरा त्यांनी वापरला, पण आधी लाकूड शोधलं. मला या तिघांत यून सोक-नाम सर्वांत जवळच्या वाटतात.

हानबोकला हात लावू नका. कापू नका, धुऊही नका. गुलाबी चिमावर (हानबोकच्या घागऱ्यावर) सोन्याचा वर्ख, गुम्बाक, असेल तर पाण्याने तो सुटेल, कारण परंपरेने तो माशाच्या गोंदावर बसवलेला असतो. घामाचे डाग असतील तर ते तिचेच आहेत, राहू द्या. धुतलेल्या मऊ मलमलीत, घडीच्या जागी मलमलीच्याच गुंडाळ्या घालून, आडवा ठेवा, आणि वर्षातून एकदा घडी बदला. डांबरगोळ्या रेशमाला थेट लागू देऊ नका. पोदेगीचंही तसंच. लेक त्या कापडात आजीच्या पाठीवर झोपलेली आहे. अंगाचा आकार घेतलेल्या कापडाला कलाकृती करायला काहीच करावं लागत नाही. ती लेकीच्या खोलीत खुंटीवर अधूनमधून राहू दे. कोरियन घरांत बाळ जन्मलं की सामशिन हाल्मोनीपुढे, बाळंतपणाच्या आजीदेवीपुढे, भात, समुद्रशेवाळाचं सार आणि पाणी ठेवतात. मुलाला सांभाळणारी देवताच त्यांनी आजी मानलीय. तुमच्या सासूबाईंनी लेकीच्या वेळी ते ठेवलं होतं का? असेल तर लेकीला ते सांगा, शिवता शिवता.

मग मुख्य काम. तुम्ही नवीन काही करायचं नाही, तो सांगबो पुढे न्यायचा. तिचा भाग आहे तसा. वाकडी शिवण सरळ करायची नाही, लांब टाके उसवायचे नाहीत, डाग असेल तर डागासकट. जिथे तिचा शेवटचा टाका आहे तिथून तुमची शिवण सुरू करा, तिने साठवलेल्याच तुकड्यांनी. दोरा मात्र वेगळ्या रंगाचा घ्या. जोगाकबोत दोरा कापडापेक्षा वेगळ्या रंगाचा घेण्याची रीत आहेच, त्यामुळे ते उपरं दिसणार नाही. तिने पांढरा वापरला असेल तर तुम्ही नीळ घ्या. जतनाच्या कामातला हा साधा नियम आहे, की नंतर केलेलं काम ओळखू यावं आणि गरज पडल्यास मूळ कामाला धक्का न लावता काढता यावं. तुमच्या बाबतीत त्याचा आणखी एक फायदा आहे: तीस वर्षांनी तुमची लेक बोट ठेवून सांगू शकेल, इथपर्यंत हाल्मोनी, इथून आई. आणि एक शिवण तिला घालू द्या, तिसऱ्या रंगाच्या दोऱ्याने. कितीही वाकडी आली तरी उसवू नका.

रचना कागदावर आखू नका. तुकडे फरशीवर मांडा, तिच्या भागाला लागून. लहान तुकडे आधी एकमेकांना जोडून मोठे करा, मग मोठे मोठ्यांना. कापावं लागलंच तर फक्त एक सरळ कड मिळवण्यापुरतं. उरलेली चिंधी फेकू नका, ती गाठोड्यात परत ठेवा. संपूर्ण चौकोन भरला पाहिजे असंही नाही. तुकडे संपले की थांबा. बाजारची मोशी आणून पुरवठा केलात तर मला वाईट वाटेल, तरी अगदीच लागली तर ती कडेच्या पट्टीला वापरा, मध्ये नको. कडेची पट्टी आणि चार कोपऱ्यांना टांगायचे बंद शेवटी.

पाठीमागे, पट्टीच्या आतल्या बाजूला, सुती फितीवर हांगुलमध्ये, म्हणजे कोरियन लिपीत, सासूबाईंचं पूर्ण नाव टाक्यांनी लिहा. त्यांच्या माहेरचं कुळगाव, जन्माचं वर्ष, आणि त्यांनी शिवलेला भाग कुठला. जोकबोत ज्या जागी फक्त कुळ लिहिलेलं असेल, तिथे न आलेलं नाव या फितीवर येईल. खाली तुमचं आणि लेकीचं. तुमचं मराठीत लिहिलंत तरी हरकत नाही, तुमचा हात सांगलीचा आहे आणि तो त्या कापडात आलाच आहे.

टांगण्याबद्दल शेवटचं. मोशीचा जोगाकबो खिडकीत सर्वांत सुंदर दिसतो आणि खिडकीतच सर्वांत लवकर मरतो. ऊन थेट लागलं की रंग उडतो आणि तंतू ठिसूळ होतात. संग्रहालयात कापडावर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड पडू देत नाहीत. घरी इतकं शक्य नाही, तेव्हा उत्तरेच्या खिडकीशेजारच्या भिंतीवर, भिंतीपासून दोन-तीन बोटं पुढे टांगा, म्हणजे मागून थोडा उजेड येईल आणि शिवणीची रेघ दिसेल. काचेत बसवू नका, आत दमट हवा कोंडते. जूनअखेरीस जांगमाचा, म्हणजे कोरियातल्या पावसाळ्याचा, पाऊस लागायच्या आधी उतरवा, घडी न घालता धुतलेल्या मलमलीसकट नळीवर गुंडाळा, आणि पाऊस सरल्यावर एक दिवस सावलीत वारा लागू देऊन परत लावा. सांगबोचे, दोन्ही बाजूंचे, आडव्या उजेडातले फोटो काढून ठेवलेत तर मला दाखवा. शिवणीचा प्रकार नक्की कुठला आहे ते बघून दोऱ्याची जाडी आणि सुईचा नंबर सांगते.